गाठीमागे दोन आणे : केंद्रीय कापूस संशोधन संस्था आणि कीड संशोधनाचा पैसा

नागपूरहून वर्धा रोडने निघाले की शहर संपता संपता पांजरी लागते. केंद्रीय कापूस संशोधन संस्थेचे प्रक्षेत्र इथे आहे. भारतीय कृषी संशोधन परिषदेने १९७६ मध्ये ही संस्था नागपुरात उभी केली, आणि २०२६ मध्ये तिला पन्नास वर्षे होत आहेत. अशा प्रसंगी वाणांची यादी, संचालकांची नामावली आणि इमारतींची छायाचित्रे छापण्याची रीत आहे. ते सारे या स्मरणिकेत अन्यत्र आलेच आहे. या लेखात मी एकच धागा धरला आहे : कपाशीच्या किडींवर संस्थेने काय काम केले, आणि त्या कामाला पैसा कोणी, कधी आणि किती हंगाम पुरवला.

हा धागा निवडण्याला कारण आहे. वाण एकदा तयार झाला की तो पुष्कळ वर्षे चालतो. किडीचे तसे नाही. तिच्यावरचा उपाय आज लागू पडला म्हणून पाच वर्षांनी लागू पडेल असे कोणी सांगू शकत नाही. त्यासाठी शेतात सतत नजर ठेवणारी माणसे लागतात आणि त्यांचे पगार दर महिन्याला व्हावे लागतात. संस्थेचा इतिहास वाचताना माझे मत पक्के होत गेले की, जिथे पैसा त्याच जिल्ह्यात सलग काही हंगाम टिकला तिथे शेतकऱ्याच्या पदरात काही पडले, आणि जिथे तो नुकसान झाल्यावर आला तिथे तो उशिराच आला.

गोष्ट १९७६ च्या बरीच आधी सुरू होते. जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल १ जानेवारी १८७७ रोजी नागपुरात सुरू झाली, तेव्हा वऱ्हाड आणि नागपूरचा कापूस जगाच्या बाजारात पोचलेला होता. नागपूरचे कृषी महाविद्यालय १९०६ चे. पण कापसासाठी स्वतंत्र संशोधन आणि त्यासाठी स्वतंत्र पैसा ही कल्पना पुढे आली ती पहिल्या महायुद्धाच्या काळात. १९१७ मध्ये मॅकेन्ना यांच्या अध्यक्षतेखाली कापूस समिती नेमली गेली. तिच्या शिफारशीवरून १९२१ मध्ये भारतीय मध्यवर्ती कापूस समिती स्थापन झाली, आणि १९२३ च्या कायद्याने तिला उत्पन्नाचे साधन मिळाले. गिरणीत वापरल्या जाणाऱ्या किंवा परदेशी जाणाऱ्या कापसाच्या ४०० पौंडी गाठीमागे पहिली तीन वर्षे चार आणे आणि नंतर दोन आणे उपकर बसवण्यात आला.

या दोन आण्यांकडे आज नीट पाहायला हवे. त्या पैशातून मुंबईत माटुंग्याची कापूस तंत्रज्ञान प्रयोगशाळा १९२४ मध्ये उभी राहिली. इंदूरला वनस्पती उद्योग संस्था निघाली, आणि तिथे अल्बर्ट हॉवर्ड यांनी कंपोस्टची ती पद्धत बसवली जी पुढे इंदूरच्याच नावाने जगभर गेली. प्रांतोप्रांतीच्या कृषी खात्यांना मर रोग, बोंडअळी, बियाणे अशा स्थानिक अडचणींवरच्या योजनांसाठी समिती पैसे देत असे. कापसाच्या व्यवहारातून निघालेला पैसा कापसाच्याच प्रश्नांकडे परत जात होता. सरकार परके होते आणि हेतूही मुख्यतः गिरण्यांचा होता, हे खरे. तरी हा झरा दरवर्षी गाठींबरोबर वाहत होता. कोणत्याही वर्षाच्या अर्थसंकल्पात त्याला नव्याने जागा मागावी लागत नव्हती.

१९६६ मध्ये मध्यवर्ती कापूस समिती बरखास्त झाली आणि तिचे काम भारतीय कृषी संशोधन परिषदेकडे आले. पुढच्याच वर्षी कोइमतूरला केंद्र ठेवून अखिल भारतीय समन्वित कापूस सुधार प्रकल्प सुरू झाला. तरीही कोरडवाहू मध्य भारताच्या कापसासाठी स्वतःची राष्ट्रीय संस्था नव्हती. ती १९७६ मध्ये नागपुरात आली. कोइमतूर तिचे प्रादेशिक केंद्र झाले, आणि उत्तरेच्या सिंचित पट्ट्यासाठी १९८५ मध्ये हरियाणात सिरसा येथे दुसरे केंद्र निघाले. ही तीन ठिकाणे तीन वेगळ्या शेतींची आहेत. विदर्भात पावसावरची काळी जमीन, कपाशीच्या ओळींमध्ये तुरीची ओळ, आणि कपाशीनंतर शेजारच्या वावरात हरभरा. अमेरिकन बोंडअळीला कपाशीवरून तुरीवर आणि तुरीवरून हरभऱ्यावर जायला मोकळा रस्ता. सिरशाच्या पाण्याखालच्या कपाशीला हे गणित लागू नाही. तिथले मोठे दुखणे पांढरी माशी आणि तिच्यामार्फत येणारा पर्णगुच्छ विषाणू. कीड संशोधन प्रादेशिक असावे लागते ते याच कारणाने.

संस्थेची पहिली वर्षे संकरित कपाशीच्या लाटेची होती. सुरतेच्या डॉ. सी. टी. पटेल यांचा एच-४ हा जगातला पहिला व्यापारी संकरित कापूस १९७० मध्ये आला. संकरित पिकाला खत जास्त, पाणी जास्त, आणि कोवळी पालवी भरपूर म्हणून किडीही जास्त. ऐंशीच्या दशकात सिंथेटिक पायरेथ्रॉइड ही कीटकनाशके बाजारात आली आणि शेतकऱ्याला वाटले की आता अळीचा प्रश्न मिटला. काही वर्षे तो मिटल्यासारखा दिसलाही. मग १९८७ च्या हंगामात आंध्रातल्या गुंटूर आणि प्रकाशम जिल्ह्यांत फवारण्यांवर फवारण्या करूनही अळी मरेना. नव्वदच्या दशकात तेच वरंगळला झाले, आणि विदर्भालाही त्याची झळ बसली. लागवडीच्या जेमतेम पाच टक्के क्षेत्रावरच्या या पिकावर देशातली जवळपास निम्मी कीटकनाशके पडत होती.

नागपूरच्या प्रयोगशाळेने या काळात जे काम केले ते माझ्या मते संस्थेच्या पन्नास वर्षांतले सर्वात मोलाचे आहे. डॉ. केशव क्रांती आणि त्यांचे सहकारी जिल्ह्याजिल्ह्यांतून अळ्या गोळा करून आणत, प्रयोगशाळेत त्यांची पिढी वाढवत, आणि प्रत्येक अळीच्या पाठीवर कीटकनाशकाचा मोजका थेंब ठेवून कोणत्या मात्रेला किती मरतात ते तपासत. काम किचकट आणि कंटाळवाणे. एका हंगामाच्या आकड्यांना काही अर्थ नसतो. तेच जिल्हे, तेच महिने, तीच औषधे घेऊन पुन्हा पुन्हा मोजले तरच प्रतिकारशक्ती कुठे आणि किती वेगाने वाढते आहे ते समजते. या मोजमापातून निघाले की अमेरिकन बोंडअळीत पायरेथ्रॉइडविरुद्धची प्रतिकारशक्ती देशभर पसरली आहे. शेतकरी दुकानात जाऊन आणखी जहाल औषध मागत होता, आणि त्याचा पैसा अळीवर वाया जाऊन मित्रकिडींच्या मुळावर उठत होता.

या कामाला पैसा कुठून आला? काही परिषदेचा. काही ब्रिटनच्या आंतरराष्ट्रीय विकास खात्याचा, तिथल्या नॅचरल रिसोर्सेस इन्स्टिट्यूटमार्फत, आणि त्यात लुधियाना, कोइमतूर आणि हैदराबादजवळच्या इक्रिसॅटचे शास्त्रज्ञही सहभागी होते. पुढे ॲमस्टरडॅमच्या कॉमन फंड फॉर कमॉडिटीज या आंतरराष्ट्रीय निधीने भारत, चीन आणि पाकिस्तान या तिन्ही देशांत बोंडअळीच्या कामाला हात दिला. नागपूरच्या काळ्या मातीतल्या अळीचे कोडे सोडवायला लंडनचा आणि ॲमस्टरडॅमचा पैसा लागला, याबद्दल कृतज्ञता हवीच. पण ज्या व्यवहारात आपल्याच कापसाच्या कोट्यवधी रुपयांची उलाढाल होते, तिथे हे काम आपल्या पैशाने का झाले नाही, हा प्रश्न तेव्हाही विचारायला हवा होता.

फेब्रुवारी २००० मध्ये केंद्र सरकारने कापूस तंत्रज्ञान अभियान सुरू केले. त्याचे चार भाग होते. पहिला संशोधनाचा, परिषदेच्या हाती. दुसरा शेतापर्यंत पोचवण्याचा, कृषी मंत्रालयाकडे. बाजार आणि जिनिंगचे उरलेले दोन वस्त्रोद्योग मंत्रालयाकडे. या अभियानाच्या पैशातून संस्थेने कीटकनाशक प्रतिकारशक्ती व्यवस्थापनाचा कार्यक्रम देशाच्या प्रमुख कापूस राज्यांतल्या निवडक जिल्ह्यांत नेला. शेतकऱ्यांना सांगायची गोष्ट सोपी होती. तुडतुडे सहन करणारा वाण निवडा, बियाण्याला प्रक्रिया करा, आणि पहिले दोन महिने पंप खाली ठेवा. त्या काळात मावा-तुडतुडे खायला ढालकिडे आणि क्रायसोपा वावरात भरतात, आणि तेच पुढे बोंडअळीची अंडी खातात. सुरुवातीलाच जहाल औषध मारले तर ही फुकटची फौज मरते. मग पिकाच्या वयाप्रमाणे औषधांच्या पाळ्या लावायच्या, एका पाळीतले औषध दुसऱ्या पाळीत आणायचे नाही, पायरेथ्रॉइड शेवटी आणि एकदाच, तेही गुलाबी बोंडअळीपुरते. निंबोळी अर्क, कामगंध सापळे, पक्षिथांबे हे त्याबरोबर.

गावात बसून शेतकऱ्यांबरोबर झाडे मोजणारी माणसे या कार्यक्रमात होती आणि ती पुढच्या हंगामातही त्याच गावात दिसली. म्हणून लोकांनी ऐकले. फवारण्या कमी झाल्या, खर्च उतरला, उत्पन्न घटले नाही. त्याच सुमारास नांदेड जिल्ह्यातल्या आष्टा गावात राष्ट्रीय एकात्मिक कीड व्यवस्थापन केंद्राने संपूर्ण गावाचे पीक एक धरून हाच प्रयोग केला होता, आणि त्यातही तेच दिसले.

इथे पैशाचा एक मूळ मुद्दा आहे. नवे कीटकनाशक शोधायला कंपनी पैसा घालते, कारण बाटली विकली की तो परत येतो. संकरित बियाण्याचेही तसेच. पण ‘पहिले साठ दिवस फवारू नका’ हा सल्ला बाटलीत भरून विकता येत नाही. ट्रायकोग्रामाच्या कार्डात, निंबोळी अर्कात, किडीच्या मोजणीत कोणाला मोठा नफा नाही. शिवाय एका शेतकऱ्याने सगळे नीट केले आणि शेजाऱ्याने नाही, तर शेजारच्या वावरातले पतंग बांध ओलांडून येतातच. फायदा सगळ्यांचा, विक्री कोणाचीच नाही, अशा कामाला सार्वजनिक पैशाखेरीज दुसरा आधार नसतो. खाजगी गुंतवणूक ही पोकळी भरेल असे मानणाऱ्यांनी पाळ्यांच्या त्या कार्यक्रमाला कोणती कंपनी पुढे आली असती याचा विचार करावा.

पिठ्या ढेकणाचा प्रसंग याच संदर्भात आठवावा. २००६ नंतरच्या दोन-तीन हंगामांत पांढऱ्या कापसासारख्या थराखाली लपणारी ही परकी कीड उत्तर भारत, गुजरात आणि महाराष्ट्रात पसरली. झाडे वाळू लागली आणि लोकांनी हाताला येईल ते औषध मारले. नागपूरच्या शास्त्रज्ञांनी देशभर सर्वेक्षण करून तिची जात फेनाकॉकस सोलेनॉप्सिस असल्याचे दाखवले. त्याच काळात एक बारीक परजीवी माशी ढेकणाच्या पोटात अंडी घालताना आढळली. तिला एनासियस बांबावालेई असे नाव मिळाले ते राष्ट्रीय एकात्मिक कीड व्यवस्थापन केंद्राचे तत्कालीन संचालक डॉ. बांबावाले यांच्यावरून. पुढे ती आधीच माहीत असलेली जात असल्याचे ठरले आणि नाव बदलले. पण काम तिने चोख केले. जिथे फवारा थांबला तिथे या माशीने ढेकणाचा जोर मोडला. ती वेळेवर ओळखली गेली, कारण ती शोधायला माणसे शेतात हिंडत होती.

२००८ च्या खरिपात विदर्भ आणि मराठवाड्यातल्या सोयाबीनवर पाने खाणाऱ्या स्पोडोप्टेरा अळीने हल्ला केला. त्या नुकसानीनंतर राज्याने राष्ट्रीय कृषी विकास योजनेच्या पैशातून २००९ मध्ये ‘क्रॉपसॅप’ सुरू केला, म्हणजे पिकांवरील कीड-रोग सर्वेक्षण आणि सल्ला प्रकल्प. केंद्रीय संस्था आणि राज्यातली कृषी विद्यापीठे त्यात एकत्र आली. कपाशीची बाजू नागपूरने सांभाळली. कीड सर्वेक्षक ठरलेल्या शेतांत दर आठवड्याला जाऊन मोजणी करत, आकडे संगणकावर जात, आणि नुकसानीची पातळी ओलांडलेल्या गावांना मोबाइलवर संदेश मिळे. कामाची कल्पना उत्तम होती आणि देशात तिचे कौतुक झाले. तरी हा पैसाही नुकसान झाल्यानंतरच आला, ही गोष्ट नजरेआड करता येत नाही.

आता बीटी कपाशीकडे, म्हणजे बोंडअळीला मारणारे विष झाडातच तयार करणारे जनुक घातलेल्या कपाशीकडे. मार्च २००२ मध्ये तिला परवानगी मिळाली, २००६ मध्ये दोन जनुकांची बीटी आली, आणि अमेरिकन बोंडअळीचा प्रश्न खरोखर मागे पडला. फवारण्या उतरल्या, उत्पादन चढले. हे श्रेय नाकारू नये. पण यामुळे बोंडअळीचे संशोधन संपले असे धोरणकर्त्यांना वाटू लागले, आणि तिथे गफलत झाली.

गुलाबी बोंडअळी, आपली शेंदरी अळी, हिचे शास्त्रीय वर्णन १८४३ मध्ये झाले ते भडोचहून गेलेल्या नमुन्यांवरून. ही अळी इथलीच, आणि कपाशीखेरीज तिला खायला जवळजवळ दुसरे काही नाही. बोंडाच्या आत शिरून ती सरकी खाते. संकरित बीटीच्या एकाच बोंडात काही सरक्यांत विष असते, काहींत नसते. त्यामुळे अळीला थोडे थोडे विष चाखत सरावण्याची संधी मिळते. जगात बीटी कापूस बहुतेक ठिकाणी सरळ वाणांतून घेतला जातो. आपण तो लांब मुदतीच्या संकरितांतून घेतला, बिगरबीटीच्या आश्रय-ओळी कागदावर राहिल्या, आणि पाणी असेल तिथे फरदड, म्हणजे हंगाम संपल्यावरही राखलेली कपाशी, जानेवारी-फेब्रुवारीपर्यंत उभी राहिली. २०१० मध्ये गुजरातच्या चार जिल्ह्यांत पहिल्या बीटीला ही अळी जुमानत नसल्याचे जाहीर झाले. दुसऱ्या जनुकाविरुद्धची प्रतिकारशक्ती २०१५ च्या आसपास समोर आली. नागपूरच्या शास्त्रज्ञांनी हे मोजले, लिहिले आणि सांगितले. पण इशारा आणि उपाय यांच्यामध्ये गावोगाव माणसे नेण्याइतका पैसा आणि यंत्रणा उभी राहिली नाही.

सरकारी बीटी वाणाचा प्रयत्नही सांगायला हवा. संस्था आणि धारवाड कृषी विद्यापीठ यांचा बिकानेरी नरमा बीटी हा सरळ वाण २००८ मध्ये मंजूर झाला आणि २००९ च्या हंगामात विकला गेला. शेतकऱ्याला बियाणे घरी राखता येईल असा तो वाण होता. त्यात खाजगी कंपनीचे जनुक मिसळल्याचे आढळले आणि तो मागे घ्यावा लागला. प्रकरणाची चौकशी सोपोरी समितीने केली. संस्थेच्या इतिहासातला हा दुखरा भाग आहे. सरळ आणि कमी मुदतीच्या वाणांचा रस्ता त्यामुळे कित्येक वर्षे मागे पडला आणि त्याची किंमत गुलाबी अळीच्या रूपाने विदर्भाने मोजली.

२०१७ साली ती किंमत दिसली. पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात किडींच्या धास्तीने डोक्याइतक्या उंच वाढलेल्या दाट कपाशीत फवारणी करताना विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर मरण पावले. शेकडो रुग्णालयात गेले. अंगावर संरक्षक कपडे नाहीत, दोन-तीन औषधांची मिसळ, आणि तोंडावर उडणारा फवारा. त्या वर्षाच्या अखेरीस गुलाबी अळीने महाराष्ट्राच्या कपाशीची बोंडे पोखरली. डोमकळ्या, कवडी झालेला कापूस, वेचणीला मजूर परवडेना. नुकसानभरपाईचे पैसे वाटावे लागले. भरपाईला जेवढा पैसा एका वर्षात लागला, त्यातला थोडा भाग आधीच्या दहा वर्षांत मोजणीला आणि गावपातळीच्या कामाला मिळाला असता तर काय झाले असते, याचे उत्तर शोधायला फार हुशारी लागत नाही.

त्यानंतर संस्थेने गुलाबी बोंडअळी व्यवस्थापनाचा कार्यक्रम राष्ट्रीय अन्नसुरक्षा अभियानाच्या व्यापारी पिकांच्या शाखेतून पुन्हा गावात नेला. सांगणे ठोस आहे. सलग तीन रात्री सापळ्यात आठ-आठ पतंग अडकले किंवा दहा टक्के फुले-बोंडे बाधित दिसली तरच फवारा. अळीच्या अंड्यांवर ट्रायकोग्रामाची परजीवी माशी सोडा. डिसेंबरअखेर पीक काढा, पऱ्हाटी शेतात ठेवू नका, जिनिंगच्या आवारात सापळे लावा. जूनपूर्वी बियाणे विकण्यावर राज्याने बंधन घातले, तेही याच साखळीतले. नर पतंगाला मादी सापडू नये म्हणून शेतभर कामगंध पसरवण्याची पद्धत अलीकडे आली आहे. तिला सलग मोठे क्षेत्र लागते. एकट्या शेतकऱ्याने केली तर पैसा वाया जातो.

अमेरिकेत हे झालेले आहे. ॲरिझोनातल्या शेतकऱ्यांनी स्वतःच्या गाठींवर आणि क्षेत्रावर आकारणी घालून घेतली, सरकारने भर घातली, आणि बीटी, वंध्य पतंग, कामगंध, नांगरट असे सगळे उपाय एकाच वेळी सगळ्या पट्ट्यात राबवले. ऑक्टोबर २०१८ मध्ये तिथल्या कृषी खात्याने ही अळी देशातून संपल्याचे जाहीर केले. आपल्याकडचे शेत लहान, हवामान वेगळे आणि अळी इथलीच. म्हणून संपूर्ण निर्मूलन हे आपले ध्येय असू शकत नाही. पण पैसा उत्पादनातून उभा करून तो किडीवर सलग खर्च करण्याची पद्धत घेण्यासारखी आहे, आणि ती आपल्याला परकी नाही. १९२३ च्या कायद्यातले दोन आणे तेच होते. समिती गेल्यावर कृषी उत्पादन उपकराचा निधी उरला होता, आणि त्यातून राज्यांच्या विद्यापीठांत अनेक छोट्या संशोधन योजना चालत. २००६ मध्ये उपकर रद्द करणाऱ्या कायद्याने तोही संपला. आता कीड संशोधक दर काही वर्षांनी नवा प्रकल्प लिहितो आणि मंजुरीची वाट पाहतो. अळी मात्र दर वर्षी चार-पाच पिढ्या काढते.

सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने माझे आवाहन विदर्भातल्या जिनिंग-प्रेसिंग मालकांना, सूतगिरण्यांना, शेतकरी उत्पादक कंपन्यांना आणि राज्य सरकारला आहे. गाठीमागे थोडी रक्कम बाजूला काढून विदर्भाच्या कीड संशोधनाचा कायम निधी उभा करावा. त्यात सरकारने तेवढीच भर घालावी. निधीच्या मंडळावर शास्त्रज्ञांइतकेच कोरडवाहू कापूस उत्पादक असावेत, आणि हा पैसा पाच हंगामांच्या आत कोणत्याही जिल्ह्यातून काढू नये. पांजरीची प्रयोगशाळा, अकोल्याचे विद्यापीठ आणि नागपुरातले केंद्रीय एकात्मिक कीड व्यवस्थापन केंद्र इथे आहेतच. येत्या खरिपाच्या आधी या सर्वांनी एकत्र बसून पहिली बैठक घ्यावी.